लाइट्स आउट: पक्ष्यांसाठी शहरातले दिवे बंद ठेवणं

पक्षी स्थलांतर करतात त्या सीझनमध्ये उंच बिल्डिंगांमधले गरज नसलेले लाईट रात्री अकराच्या सुमारास बंद करून उजाडेपर्यंत बंदच ठेवायचे, याला लाइट्स आउट म्हणतात. टोरोंटोत फ्लॅप नावाची संस्था १९९३ पासून यावर काम करतेय, न्यूयॉर्कमध्ये २००५ ला सुरू झालं.

वॉर्बलर, स्पॅरो, थ्रश असे बरेचसे छोटे पक्षी रात्रीच प्रवास करतात, कारण तेव्हा हवा थंड आणि शांत असते, आणि दिशा धरायला त्यांना तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उपयोगी पडतं. ढग खाली आले, पाऊस लागला की ते कमी उंचीवरून उडायला लागतात आणि शहराच्या उजेडात सापडतात, मग तिथेच घिरट्या घालत, एकमेकांना हाका मारत दमून जातात. जे रात्री वाचतात ते सकाळी काचेत दिसणारी झाडं खरी समजून धडकतात. म्हणजे पक्ष्याला शहरात ओढतो लाईट आणि मारते काच, त्यामुळे एकाचाच विचार करून भागत नाही.

न्यूयॉर्कमध्ये २००१ च्या हल्ल्याची आठवण म्हणून दर ११ सप्टेंबरला ८८ सर्चलाईटचे झोत आकाशात सोडतात, तिथे रात्रभर माणसं पक्षी मोजत बसतात आणि झोतात हजाराच्या वर पक्षी झाले की लाईट २० मिनिटं बंद करतात. रडारवर स्पष्ट दिसलंय की लाईट गेले की काही मिनिटांतच पक्षी पांगतात आणि आपल्या वाटेला लागतात. इतका सरळ उपाय दुसऱ्या कुठल्या पर्यावरणाच्या प्रश्नावर क्वचितच मिळतो!

पण सगळ्यात जास्त माहिती मिळाली ती शिकागोत. मिशिगन तलावाच्या काठावर मॅकॉर्मिक प्लेस हे भलंमोठं काचेचं कन्व्हेन्शन सेंटर आहे, फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड १९७८ पासून तिथे पहाटे जाऊन मेलेले पक्षी उचलून आणायचे, मोजमाप घेऊन म्युझियममध्ये ठेवायचे, पुढे सहकाऱ्यांची मदत मिळाली आणि आकडा ४०,००० च्या वर गेला. कुठल्या खिडक्यांत उजेड होता हेही ते लिहून ठेवायचे, आणि या चिकाटीच्या नोंदींवरूनच २०२१ मध्ये हिशोब मांडता आला की उजेडाच्या खिडक्या आजवर नोंदल्या गेलेल्या सगळ्यात कमी पातळीवर आणल्या तर धडका साधारण ६० टक्क्यांनी कमी होतील.

ही बिल्डिंग लाइट्स आउटमध्ये होतीच, पण आत काम किंवा कार्यक्रम असला की लाईट चालू राहायचे. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी तिच्या आसपास जवळजवळ हजार पक्षी मरून पडलेले सापडले, एकाच रात्रीत! मग २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली, आणि त्या शरद ऋतूत मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या सुमारे ९५ टक्क्यांनी घटली.