टाकी आतून पेटत नाही

गॅसच्या मालगाडीला आग लागल्याची बातमी आली की मोबाइलवर फिरू लागतं, ‘आग टाकीत शिरली आणि स्फोट झाला.’ असं होत नाही. गॅसने भरलेल्या टाकीत ऑक्सिजनच नसतो, आत जळणार कसं?

५ जुलै १९७३ रोजी अमेरिकेतल्या किंगमन गावी रेल्वेच्या टाकीतून प्रोपेन (दाबाखाली द्रव करून भरलेला इंधनाचा गॅस) उतरवताना गळती झाली आणि गॅस पेटला. काही मिनिटांतच टाकी फुटली. अग्निशमन दलाचे ११ जण त्यात गेले.

कागदी पेल्यात पाणी उकळण्याचा शाळेतला प्रयोग आठवतो? पाणी उष्णता ओढून घेतं, म्हणून कागद जळत नाही. टाकीतही द्रव प्रोपेन जिथवर पत्र्याला भिडलेला असतो, तिथवर पत्रा वाचतो. पण टाकी काठोकाठ भरत नाहीत. वरच्या मोकळ्या जागेत वायू असतो आणि वायूला उष्णता तेवढी ओढून घेता येत नाही. तिथला पत्रा तापतच जातो. ६०० अंश सेल्सिअसजवळ पोलादाची ताकद निम्म्यावर येते.

सेफ्टी व्हॉल्व्ह असतो ना? असतो, आणि तो दाब सोडतोही. पण गॅस बाहेर पडेल तशी द्रवाची पातळी उतरते आणि कोरडा पत्रा वाढत जातो! व्हॉल्व्ह चोख चालत असतानाही टाकी फुटते, कारण एरवी सहज पेलणारा दाबच आता मऊ पडलेल्या पत्र्याला पेलवत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात थरारक वाटते.

पत्रा फाटला की दाब कोसळतो. हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांवरच उकळतो. इथे तर तो त्याहून कितीतरी तापलेला. मग तो नुसता पृष्ठभागावर नाही, सगळ्या अंगाने एकदम उकळतो. एक लिटर द्रवाचा जवळपास २७० लिटर वायू होतो. या स्फोटाला ‘ब्लेव्ही’ म्हणतात. आगीचा गोळा त्यानंतरचा.

१० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री कॅनडात मिसिसागाला एक बेअरिंग तापून चाकाचा आस तुटला, गाडी घसरली आणि प्रोपेनच्या टाक्या अशाच फुटल्या. शेजारी क्लोरिन या विषारी वायूची टाकी होती. दोन लाखांहून अधिक लोकांना हलवलं. एकही जीव गेला नाही.

आपल्याकडेही एलपीजी, ज्यात प्रोपेन असतो, रेल्वेने जातो. अशा वेळी पाण्याचा मारा हवा तो टाकीच्या वरच्या, कोरड्या भागावर आणि दुरून. गळती थांबवता येत नसेल तर ज्वाळा विझवायची नाही. विझली तर न जळलेला गॅस जमिनीलगत पसरत जातो आणि पुढे कुठेतरी ठिणगी गाठतो.