पदर आणि पोहणं: बुडण्यावरचे दोन वेगळे उपाय

मूल पाण्यात गेलं की गावात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पोहता येत असतं तर वाचलं असतं." दहा वर्षांच्या पोराबाबत हे पुष्कळदा खरं असतं. दीड वर्षाच्या लेकराबाबत त्याला काही अर्थ नाही. तरीही लहानग्यावर लक्ष ठेवणं आणि मुलांना पोहायला शिकवणं या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. या दोहोंतला फरक बांगलादेशातल्या कामातून फार स्वच्छ दिसतो.

तिथे खेड्यात घराला लागूनच तळं असतं. भांडी, धुणं, आंघोळ, मासे, सगळं त्यातच. २००३ च्या देशव्यापी पाहणीत १ ते १७ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण बुडणं हेच निघालं. लहानग्यांचे बहुतेक मृत्यू घरापासून अवघ्या २० मीटरच्या आत आणि सकाळी ९ ते दुपारी १ च्या सुमारास होतात. बाप शेतावर, आई चुलीपाशी, मोठी भावंडं शाळेत. रांगतं-चालतं मूल पाण्याकडे जातं आणि हाक न मारता बुडतं. त्या आईला निष्काळजी म्हणणं मला क्रूर वाटतं. ती एकटी असते, आणि त्या चार तासांत तिला कामातून मान वर काढायलाही सवड नसते.

म्हणून तिथे 'आंचल' सुरू झालं. आंचल म्हणजे आपला पदर. गावातल्याच एखाद्या प्रशिक्षित बाईच्या घरी पंचवीसेक मुलं, वय १ ते ५, आठवड्याचे सहा दिवस, नेमकी त्याच धोक्याच्या वेळी. गाणी, खेळ, गोष्टी, आणि दाराला अडसर. यात पोहण्याचा संबंधच नाही. मूल पाण्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच.

'स्विमसेफ' हा दुसरा उपाय. गावच्या तळ्यातच बांबूची चौकट उभारून त्यात मुलांना शिकवतात. २५ मीटर पोहायचं, ३० सेकंद तरंगायचं आणि दुसरा बुडत असेल तर स्वतः उडी न मारता काठावरून काठी पुढे करायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो इथे अक्षरशः शिकवला जातो. तिसरा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, हे फार वेळा घडतं.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आंचलमधल्या मुलांत बुडण्याचं प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांनी, तर स्विमसेफ शिकलेल्यांत सुमारे ९३ टक्क्यांनी कमी आढळलं. हे आकडे वाचून 'म्हणजे पोहणंच भारी' असं म्हणणारे भेटतात. पण हे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नाहीत. पहिला आकडा १ ते ५ च्या मुलांचा आहे, दुसरा ४ ते १२ च्या. दोन वर्षांच्या बाळाला पोहण्याचे कितीही धडे दिले तरी तळ्यात पडल्यावर त्याच्या हाती काही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणूनच शाळेआधीच्या मुलांसाठी पाळणाघर सुचवते आणि पोहणं शिकवायचं म्हणते ते सहा वर्षांपुढे. बांगलादेश सरकारने २०२२ मध्ये १६ जिल्ह्यांत ८,००० केंद्रांची योजना मंजूर केली, तीत दोन्ही गोष्टी आहेत, पण वयानुसार वेगळ्या.

आपल्याकडे पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढ्या आहेत, त्यामुळे 'पाण्याची भीती मोडली की झालं' ही समजूत घट्ट आहे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात ती उघडी पडते. उताराचा कागद ओला आणि शेवाळलेला असतो, पाय ठरत नाही, धरायला काही नसतं. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाशी येऊन थकतो. तिथे मोठ्यांसाठी काठावर पक्का बांधून आत सोडलेला गाठींचा दोर हवा, आणि लहानग्यांसाठी चहूबाजूंनी कुंपण नि कडी लागणारं फाटक.