भातशेतातली मॅच आणि तिच्यामागचा गोवा

डिचोली तालुक्यात वाढलेल्या आमच्या पिढीचं मैदान मुळात भातशेत होतं. सरद, म्हणजे पावसाळी भात कापून झालं की जमीन वाळायची. मग मोठी मुलं धसकटं उपटायची, मधली पट्टी पाणी मारून चोपण्याने चोपून काढायची. ती झाली खेळपट्टी. बांध म्हणजे बाउंड्री, आणि प्रेक्षकही त्याच बांधावर. ज्या भागात पाटाचं पाणी पोचायचं तिथे मात्र लगेच वायंगणाची, म्हणजे दुसऱ्या, उन्हाळी भाताची लावणी व्हायची आणि त्या वाड्याला मैदानच उरायचं नाही. कुठल्या वाड्याच्या पोरांना खेळायला मिळणार, हे असं पाण्यावर ठरायचं.

पोर्तुगिजांना क्रिकेटशी देणंघेणं नव्हतं. आमच्या गावात बॅट आली ती मुंबईला नोकरीला असलेल्या काका-मामांबरोबर. दिलीप सरदेसाई १९४० साली मडगावात जन्मले, पण क्रिकेटपटू म्हणून घडले मुंबईत. १९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांनी कसोटी मालिकेत ६४२ धावा केल्या. घरातली वडीलधारी मंडळी तो आकडा आपल्याच पोराचे मार्क सांगावेत तशी सांगत. गोव्याचा संघ रणजी करंडकात उतरला तो थेट १९८५-८६ मध्ये. गोव्यातला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना १९८९ साली झाला, श्रीलंका विरुद्ध ऑस्ट्रेलिया, तोही फातोर्ड्याच्या फुटबॉल स्टेडियमवर.

फुटबॉलची मुळं जास्त खोल. १८८३ मध्ये फादर विल्यम लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी शिवोलीत हा खेळ आणला असं मानलं जातं. चर्चच्या शाळांमधून तो बार्देस-सासष्टी तालुक्यांत रुजला. गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ची, म्हणजे १९६१च्या गोवामुक्तीच्याही आधीची.

आमच्या खाणपट्ट्यात फुटबॉलची हवा खरी पसरवली ती खनिजाच्या पैशाने, असं माझं ठाम मत आहे. साळगावकर क्लब १९५६चा, सेझा गोवा १९६५चा, धेंपो १९६८चा, आणि तिन्हींच्या मागे खाण कंपन्या. चांगल्या खेळाडूला कंपनीत नोकरी मिळायची. खेळून पोट भरता येतं, हे बहुजन समाजातल्या कितीतरी घरांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि ही गोष्ट फार मोठी होती. 'नवप्रभा' हे मराठी दैनिकही धेंपोंचंच, १९७०चं. त्याच वर्षी पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली. मोठ्या मॅचला आम्ही ट्रकच्या हौद्यात उभे राहून जायचो. हौद्यात खनिजाची लाल धूळ असायची. उतरेपर्यंत सगळ्यांचे पांढरे शर्ट लाल, आणि घरी गेल्यावर आईची बोलणी ठरलेली. मैदानाबाहेर चण्याची पुडी घ्यायची आणि आत वडिलांच्या खांद्यावर बसून जमेल तेवढं बघायचं.

संतोष करंडकात, म्हणजे राज्याराज्यांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत, गोव्याचं पहिलं यश १९८२-८३चं. कोलकात्यात बंगालबरोबर संयुक्त विजेतेपद मिळालं. पुढच्याच मोसमात ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने करंडक एकट्याने जिंकला. ब्रह्मानंद ताळगावचे, गोलकीपर. तोवर शेतातल्या मॅचमध्ये गोलात उभं करायचे ते सगळ्यात लहान किंवा पळता न येणाऱ्या पोराला. त्या वर्षापासून गोलात कोण उभं राहणार यावरून भांडणं व्हायला लागली.