फाइल-रिकॉल (श्रेणीबद्ध साठवणीतील)

श्रेणीबद्ध साठवणीत, म्हणजे नेहमी लागणारा डेटा डिस्कवर आणि क्वचित लागणारा चुंबकीय टेपवर ठेवण्याच्या पद्धतीत, टेपवर हलवलेली फाइल मागणी येताच पुन्हा डिस्कवर आणण्याची क्रिया. डिस्कवर नाव, मालकी व आकार दाखवणारा ‘स्टब’ तेवढा उरलेला असतो. तो वाचू पाहणाऱ्या प्रोग्रॅमला प्रणाली थांबवून ठेवते आणि मजकूर उतरल्यावरच सोडते.

कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही जण तो मँचेस्टरच्या ‘ॲटलस’ संगणकातील एकस्तरीय स्मृतीत (१९६२) पाहतात. परंतु तेथे हालचाल होती ती गाभा-स्मृती (मुख्य स्मृती) आणि चुंबकीय ड्रम यांच्यातील पृष्ठांची (स्मृतीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांची), फाइलींची नव्हे. ‘मल्टिक्स’ या कार्यप्रणालीसाठी डेली व न्यूमन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या आराखड्यात क्वचित लागणाऱ्या फाइली संथ साधनावर जाऊन मागणीनुसार परत येतात, त्यामुळे ‘मल्टिक्स’चा दावा अधिक सबळ वाटतो. आयबीएमच्या ३८५० यंत्राने (१९७४) सुमारे ५० एमबीच्या कार्ट्रिजमधील डेटा डिस्कवर चढवून दाखवला. आजच्या अर्थाचे स्थलांतर (फाइल डिस्कवरून टेपवर हलवणे) व रिकॉल मात्र सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, आयबीएमच्याच एचएसएम (श्रेणीबद्ध साठवण-व्यवस्थापन) प्रणालीबरोबर रूढ झाले असावे.

पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील प्रारूपांची आउटपुटे आणि नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांची निरीक्षणे, हा एकदा लिहून क्वचित वाचला जाणारा, म्हणजे या पद्धतीला मानवणारा डेटा होय.

विलंबाचे गणित वाचनवेगाचे नसून शोधाचे आहे. एलटीओ-९ (एलटीओ या टेप-मानकाची नववी पिढी) टेप १,०३५ मीटर लांब, १८ टीबी क्षमतेची. ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबीपर्यंत वाचतो. म्हणजे १० जीबीची फाइल २५ सेकंदांत उतरते, पण कार्ट्रिज चढवून योग्य जागी पोचायलाच मिनिटभर किंवा अधिक जातो. हजार लहान फाइली विस्कळीत क्रमाने एकेक मागितल्या आणि प्रत्येकीला मिनिट लागला, तर जवळजवळ सतरा तास होतात. म्हणून यादी आधी टेपनुसार, मग टेपवरील स्थानानुसार लावून एकगठ्ठा रिकॉल द्यावा. टेपवरचे माग (डेटाच्या लांब रेघा) उलटसुलट जात असल्याने क्रमांकाने दूरचा ब्लॉक प्रत्यक्षात शेजारी असू शकतो. एलटीओ-९ ड्राइव्ह विचारल्यास सोयीचा वाचनक्रम सुचवतो.

अडलेल्या रिकॉलचा दोष बहुधा टेपच्या माथी मारला जातो. तपासणी मात्र मागणीपासून सुरू करावी. ‘एलएस -एल’ (ls -l) हा आदेश फाइलीचा पूर्ण आकार आणि ‘डीयू’ (du) हा आदेश डिस्कवर व्यापलेली जागा जवळजवळ शून्य दाखवत असेल, तर फाइल टेपवर असण्याची शक्यता मोठी. विरळ फाइलीही (ज्यांच्या रिकाम्या भागांना डिस्कवर जागाच दिलेली नसते) अशाच दिसतात, त्यामुळे खात्री प्रणालीच्या स्थिती-आदेशाने करावी. मग रांग पाहावी. ल्युस्टर या फाइल-प्रणालीमध्ये एका वेळी चालणाऱ्या विनंत्यांची मूळ मर्यादा अवघी ३ आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रांग अचानक फुगली असेल, तर विषाणू-तपासणी, चेकसम (मजकुराची पडताळणी-संख्या) घेणारा आरसिंक हा नक्कल-प्रोग्रॅम किंवा पूर्ण फोल्डरवर चालवलेला ‘ग्रेप’ हा मजकूर-शोध आदेश शोधावा: हे स्टब वाचतात आणि प्रत्येक वाचन म्हणजे एक रिकॉल. मूळ प्रक्रिया न थांबवता नुसती रांग रिकामी केली, तर ती पुन्हा भरते.

डिस्क भरलेली असणे हेही नेहमीचे कारण. आयबीएमच्या ‘स्पेस मॅनेजमेंट’ प्रणालीत मूळ मांडणीनुसार डिस्क ९० टक्के भरल्यावर स्थलांतर सुरू होते आणि ८० टक्क्यांवर थांबते. मोठा रिकॉल या रेषेला भिडला की एकीकडे उतरलेल्या फाइली दुसरीकडे पुन्हा स्टब होतात. न बदललेली फाइल टेपवर नव्याने न लिहिता स्टब करता येते. एक बाइट बदलला तरी जुनी टेपप्रत बाद.

वाचनदोष आल्यास तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी. दोष टेपबरोबर गेला तर दुसऱ्या प्रतीवरून रिकॉल करावा, ड्राइव्हपाशीच राहिला तर सफाई-कार्ट्रिज वापरावी. पावसाळ्यात दुसऱ्या इमारतीतून आणलेली टेप यंत्रकक्षात २४ तास ठेवूनच चढवणे इष्ट. एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा चढवल्यावर ड्राइव्ह दोन तासांपर्यंत अडकू शकतो. तो बिघाड नव्हे, तेव्हा मध्येच वीज बंद करू नये.

चुकून पुसलेला स्टब बॅकअपमधून परत आणता येतो, मात्र टेपवरील प्रत शिल्लक असेपर्यंतच. आयबीएमच्या वरील ‘स्पेस मॅनेजमेंट’ प्रणालीत ही मुदत मुळात ७ दिवसांची आहे.