फेंडर टॅग आणि काउल टॅग

अमेरिकी मोटार कारखान्यांत गाडीची बॉडी तयार होत असताना तिच्यावर लावली जाणारी, अक्षरे व आकडे ठोकलेली पत्र्याची छोटी पट्टी. ग्राहकाने मागवलेल्या गाडीचा रंग, आतली सजावट, बांधणीची तारीख आणि काही कंपन्यांच्या बाबतीत जादा घेतलेले साहित्य तिच्यावर सांकेतिक रूपात नोंदलेले असते. क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ, डॉज व क्रायस्लर या गाड्यांत ही पट्टी बॉनेटखाली, डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेली असून तिला फेंडर टॅग म्हणतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ती इंजिन व प्रवासी कक्ष यांच्यामधल्या आडव्या पत्र्यावर असते. ती काउल टॅग किंवा ट्रिम टॅग. फोर्डने तीच माहिती चालकाच्या दाराच्या कडेवरील पट्टीवर दिली. या पट्ट्या वाचण्याचे कौशल्य मुख्यतः १९६० आणि १९७०च्या दशकांतील गाड्यांच्या जीर्णोद्धारात व खरेदी-विक्रीत कामी येते.

या पट्टीचा जन्म कारखान्याच्या गरजेतून झाला. त्या काळी अमेरिकी ग्राहक विक्रेत्याकडे बसून लांबलचक यादीतून इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या धुरीचे (अ‍ॅक्सलचे) गिअर गुणोत्तर, रंग, छताचे आवरण, रेडिओ असे एकेक निवडत असे आणि त्या निवडीप्रमाणे गाडी बांधली जाई. जुळणीच्या एकाच साखळीवर साधी सहा सिलिंडरची गाडी आणि तिच्या मागोमाग शर्यतीच्या जातीची गाडी येत असल्यामुळे, पुढ्यातल्या उघड्या बॉडीला कोणती भोके पाडायची आणि कोणता रंग मारायचा हे कामगाराला जागेवरच कळणे आवश्यक होते. पट्टी ही त्याच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी आहे, पुढच्या मालकासाठी दिलेला दाखला नव्हे. वाचनातल्या बहुतेक चुका हा फरक नजरेआड केल्याने होतात.

सर्वांत बोलकी पट्टी क्रायस्लरची. १९६९ पासून पुढच्या काही वर्षांत तिच्यावर तीन-तीन चिन्हांचे संकेत ठोकले जात आणि ती खालून वर, प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे वाचावी लागते. वरून वाचायला सुरुवात केली तर अर्थ लागत नाही, आणि नवशिक्याची पहिली अडचण नेमकी हीच असते. १९७०च्या प्लिमथ कूडा गाडीची एक नमुना पट्टी घेऊ. सर्वांत खालच्या ओळीत ई८७, डी२१, बीएस२३, व्ही०बी आणि त्यापुढे सहा आकडी अनुक्रमांक आहे. ई८७ म्हणजे ४४० घन इंचांचे, दोन-दोन नळ्यांचे तीन कार्ब्युरेटर असलेले, ३९० अश्वशक्तीचे इंजिन; त्या जागी ई७४ असते तर ते ४२६ घन इंचांचे हेमी, म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे इंजिन ठरले असते. डी२१ म्हणजे हाताने टाकायचे चार गिअर. डी३२ असल्यास स्वयंचलित गिअरबॉक्स. पुढचा भाग हा गाडीच्या ओळख क्रमांकाचाच तुकडा आहे: बी म्हणजे बॅराकूडा मालिका (कूडा ही तिच्यातलीच), एस म्हणजे तिच्यातली खास श्रेणी, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची, पण खिडक्यांमध्ये खांब नसलेली), व्ही हे पुन्हा त्याच इंजिनाचे अक्षर, ० म्हणजे १९७० हे मॉडेल वर्ष आणि शेवटचा बी म्हणजे मिशिगनमधील हॅमट्रॅम्क येथील कारखाना. म्हणजे इंजिनाची माहिती एकाच ओळीत दोन वेगळ्या भाषांत आली. ई८७ आणि व्ही यांचा मेळ बसत नसेल, तर पुढचे वाचन थांबवून पट्टीच्या खरेपणाकडे वळावे.

दुसऱ्या ओळीत ईव्ही२, एच६एक्स९, टीएक्स९, सी११ आणि कारखान्याचा ऑर्डर क्रमांक. ईव्ही२ हा भडक नारिंगी रंग. प्लिमथ त्याला टॉर रेड म्हणे, तर डॉज हेमी ऑरेंज. रंग एकच, डबाही एकच, फक्त विक्रेत्याच्या पत्रकातले नाव निराळे. एफसी७ या जांभळ्याचेही तसेच, डॉजकडे तो प्लम क्रेझी आणि प्लिमथकडे इन-व्हायलेट. म्हणून रंगाविषयी बोलताना नावापेक्षा संकेत सांगणे अधिक नेमके. एच६एक्स९ मध्ये सजावटीचा दर्जा, व्हिनाइलच्या सुट्या पुढच्या सीटा आणि काळा रंग एवढे सामावले आहे. टीएक्स९ हाही काळाच, दाराच्या आतल्या बाजूच्या वरच्या चौकटीचा. सी११ ही बांधणीची नियोजित तारीख. जानेवारी ते सप्टेंबरसाठी १ ते ९ हे आकडे आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी अनुक्रमे ए, बी, सी ही अक्षरे असल्याने सी११ म्हणजे ११ डिसेंबर. मात्र १९७०चे मॉडेल आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या सुमारास बनू लागे, त्यामुळे ही तारीख १९६९ची आहे. शिवाय ती नियोजित आहे. गाडी प्रत्यक्षात साखळीवरून त्याच दिवशी उतरली असे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

त्याच्या वरच्या ओळींत जादा साहित्य, साधारणपणे वर्णानुक्रमाने. व्ही१एक्स म्हणजे काळे व्हिनाइलचे छत, ए३३ म्हणजे ३.५४ गुणोत्तराची डेना कंपनीची भक्कम धुरी असलेला ट्रॅक पॅक हा साहित्याचा गट, सी१६ म्हणजे दोन सीटांमधला कन्सोल, जे४५ म्हणजे बॉनेट दाबून धरणाऱ्या खुंट्या, एन९६ म्हणजे बाहेरची थंड हवा थेट इंजिनाला देणारे बॉनेट, आर११ म्हणजे साधा एएम रेडिओ. यू हे अमेरिकी बाजारासाठीच्या गाडीचे चिन्ह, आणि २६ म्हणजे २६ इंची रेडिएटर. शेवटी एंड हा शब्द ठोकला की यादी संपली. एका पट्टीवर जागा पुरली नाही तर दुसरी पट्टी जोडलेली आढळते. रेडिओ आणि रेडिएटर बॉडीच्या पट्टीवर का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. रेडिओ असेल तर अँटेनासाठी मडगार्डला भोक पाडावे लागते, आणि २२ व २६ इंची रेडिएटरसाठी पुढच्या आधारपत्र्यातील झरोका वेगवेगळ्या रुंदीचा असतो. संकेताकडे त्या कामगाराच्या नजरेने पाहिले की यादीतला प्रत्येक नग तिथे का आला हे उमगू लागते.

पट्टीवर काय नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. मॉडेलच्या किमतीतच अंतर्भूत असलेले साहित्य सहसा तिच्यावर ठोकले जात नसे, त्यामुळे एखादा संकेत नाही म्हणून ती वस्तू गाडीत नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. कारखान्या-कारखान्यांची पद्धतही वेगळी होती. काही ठिकाणी पूर्ण यादी ठोकत, काही ठिकाणी मोजकेच संकेत.

जनरल मोटर्सची पट्टी त्या मानाने अबोल आहे, आणि तिचे कारण कंपनीच्या रचनेत आहे. बॉडी तयार करणारा फिशर बॉडी हा वेगळा विभाग होता. त्याला बॉडीचे मॉडेल, रंग आणि सजावट एवढ्याशीच कर्तव्य असल्याने १९६९च्या शेव्हरोले कॅमारोच्या पट्टीवर १२४३७ हा व्ही-८ कूपेचा क्रमांक, सजावट व रंगाचे संकेत आणि १२ए म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा अशी तारीख सापडते. इंजिन कोणते, याचा पत्ता लागत नाही. ओहायोतील नॉरवूड कारखान्याने त्या मॉडेल वर्षात पुढे एक्सने सुरू होणारे संकेत घातले आणि तेवढ्यापुरता मार्ग खुला झाला: एक्स३३ व एक्स७७ या झेड२८, एक्स२२ व एक्स६६ या ३९६ घन इंची इंजिनाच्या सुपर स्पोर्ट (झेड२८ व सुपर स्पोर्ट या कॅमारोच्याच जोमदार आवृत्त्या). पण एक्स११ म्हणजे बाहेरील सजावटीचा गट, तो सुपर स्पोर्ट ३५० गाडीवरही असतो आणि साध्या गाडीवरही. जाहिरातींत एक्स११ चा अर्थ सरसकट सुपर स्पोर्ट असा सांगितला जातो, तो चुकीचा आहे. कॅमारो बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातील कारखान्याच्या पट्ट्यांवर हे संकेत नाहीतच. झेड२८ हाही मुळात ऑर्डरच्या यादीतला एक संकेत. १९६७ मध्ये अशा ६०२ गाड्या बनल्या आणि पुढे तो संकेतच गाडीचे नाव झाला. शेव्हरोलेच्या ओळख क्रमांकात १९७१ पर्यंत इंजिनाचे अक्षर नसल्यामुळे, १९६५ ते १९७२ दरम्यान वॉरंटी पुस्तिकेसोबत मिळणारी प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी मोलाची ठरते, कारण इंजिन, गिअरबॉक्स व धुरीचे संकेत तिच्यावर असतात.

फोर्डच्या दारावरील पट्टीत बॉडी, रंग, सजावट, तारीख, विक्री विभाग, धुरी आणि गिअरबॉक्स यांचे संकेत असतात. तारखेत महिन्यांना ए ते एम अक्षरे असून आय वगळलेले आहे, म्हणून १४सी म्हणजे १४ मार्च. अडचण एवढीच की अपघातानंतर दार बदलले की पट्टीही जाते.

पट्टीवरचे वाचन इतर पुराव्यांशी ताडून पाहिल्याशिवाय पक्के धरू नये. क्रायस्लरच्या गाडीत पहिला साक्षीदार म्हणजे ब्रॉडकास्ट शीट: साखळीवरच्या विभागांना पाठवलेला संकेतांचा छापील कागद, जो सीटच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेला सापडतो, बहुधा पिवळा पडलेला आणि गंजाच्या डागांनी खाल्लेला. दुसरा साक्षीदार म्हणजे डॅशबोर्डवरील ओळख क्रमांक, आणि तिसरा म्हणजे त्याच क्रमांकाचा शेवटचा भाग, जो रेडिएटरच्या आधारपत्र्यावर, डिक्कीच्या कडेवर आणि १९६८ पासून इंजिन व गिअरबॉक्सवरही ठोकलेला असतो. कंपन्यांच्या जुन्या नोंदींची स्थिती असमान आहे. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची माहिती केव्हिन मार्टी यांच्या संस्थेकडील अधिकृत नोंदींतून मिळते आणि पाँटिअॅकच्या मूळ पावत्यांच्या प्रती उपलब्ध आहेत, पण अमेरिकेत विकलेल्या बहुसंख्य शेव्हरोले गाड्यांसाठी अशी सोय नाही.

या सगळ्या काटेकोरपणामागे पैसा आहे, हे खरे. १९७१ची हेमी इंजिनाची, छत दुमडता येणारी (कन्व्हर्टिबल) कूडा फक्त ११ बनली, आणि तिच्यापैकी एक २०१४ मध्ये सिअॅटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरला विकली गेली; त्याच वर्षीची साध्या इंजिनाची कूडा तिच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे नव्याने ठोकलेल्या पट्ट्यांचा धंदा चालतो. ओळख क्रमांकाची पट्टी काढणे वा बदलणे हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे; फेंडर टॅग मात्र हुबेहूब बनवून सहज विकला जातो. हरवलेल्या पट्टीच्या जागी नवी लावणे आणि नसलेले इंजिन कागदोपत्री निर्माण करणे यांत नैतिक अंतर मोठे आहे, पण दोन्हींतून निघणारी वस्तू दिसायला सारखीच असते.

खरी पट्टी ओळखताना आधी रंग पाहावा. ती बऱ्याचदा बॉडीसोबतच रंगवली जाई, म्हणून मूळ रंग अक्षरांच्या खोबणीत बसलेला आणि कडेला पत्र्याशी सलग उतरलेला दिसतो. स्क्रूच्या डोक्यावर त्याच रंगाचा थर असावा आणि पट्टीखालच्या पत्र्यावर दुसरी जुनी भोके नसावीत. जीर्णोद्धार करताना पट्टी घासून चकाकवण्याचा मोह टाळावा. अंधूक ठसा वाचायचा असेल तर बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो घेणे पुरेसे होते, आणि खोबणीतला तो जुना रंग एकदा निघाला की परत मिळत नाही.

१९८१च्या मॉडेलपासून अमेरिकेत १७ चिन्हांचा ओळख क्रमांक सर्व कंपन्यांना लागू झाला आणि त्यात इंजिनाच्या चिन्हाला ठरलेले स्थान मिळाले. जादा साहित्याची यादी जनरल मोटर्सने १९८०च्या दशकात डॅशबोर्डमधल्या सामानाच्या कप्प्यात किंवा डिक्कीत चिकटवलेल्या कागदी लेबलवर आणली. तिच्यावरही तीन-तीन चिन्हांचेच संकेत आहेत.