इंटरनेट बंदीची नोंद कोणी ठेवायची?

डिसेंबर २०२१मध्ये संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने इंटरनेट बंदीवरचा अहवाल पटलावर ठेवला. त्यातली सगळ्यात साधी मागणी अशी होती: देशात इंटरनेट कुठे, केव्हा आणि किती काळ बंद केले, याची नोंद केंद्राने एका जागी ठेवावी. तशी नोंद ना गृह मंत्रालयाकडे होती, ना दूरसंचार विभागाकडे. पोलीस आणि सुव्यवस्था हे राज्यांचे विषय, हे त्यामागचे उत्तर. त्यामुळे समितीला बाहेरच्या मोजणीचा आधार घ्यावा लागला. त्या मोजणीनुसार जानेवारी २०१२ ते मार्च २०२१ या काळात पाचशेहून अधिक वेळा बंदी घातली गेली होती.

अशा समित्यांची सुरुवात १९८९मध्ये तीन विषयांपासून झाली. १९९३मध्ये त्या सतरा झाल्या, २००४मध्ये चोवीस. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० खासदार, मुदत एक वर्ष. दूरसंचार, टपाल, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान आणि माहिती व प्रसारण हा सगळा पसारा एकाच समितीकडे आहे. सचिवांना बोलावावे, कागद मागवावेत, शिफारशी कराव्यात, एवढाच तिचा अधिकार. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, आणि विधेयक समितीपुढे येते ते सभापती किंवा अध्यक्षांनी धाडले तरच.

इंटरनेट बंद करण्याचा कायदाही मजेशीर वाटेने आला. आधी जिल्हाधिकारी जमावबंदीचे कलम १४४ लावून काम भागवत. ७ ऑगस्ट २०१७ रोजी वेगळे नियम आले, तेही १८८५च्या तार कायद्याखाली. खुद्द तारसेवा २०१३च्या जुलैतच बंद झाली होती. या नियमांनुसार आदेश काढणार केंद्राचा किंवा राज्याचा गृह सचिव, आणि तो योग्य आहे की नाही हे तपासणार तीन अधिकाऱ्यांची आढावा समिती: राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. म्हणजे एका सचिवाचा आदेश शेजारच्या दालनातल्या सचिवांनी तपासायचा.

ऑगस्ट २०१९मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले. ४जी परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात, १० जानेवारी २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार अनुराधा भसीन यांनी या बंदीविरुद्ध केलेल्या खटल्यात बंदीचे आदेश जाहीर करायला सांगितले आणि बेमुदत बंदी चालणार नाही असे बजावले. नोव्हेंबर २०२०मध्ये नियमांत पंधरा दिवसांची कमाल मर्यादा घातली गेली.

काँग्रेसचे शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालची ही स्थायी समिती याच दिवसांत साक्षी घेत होती. वातावरण फारसे सलोख्याचे नव्हते. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे प्रकरण गाजत असताना २८ जुलै २०२१ च्या बैठकीला भाजपचे सदस्य आले, पण त्यांनी हजेरीपटावर सह्या केल्या नाहीत. गणपूर्ती झाली नाही आणि बैठक बारगळली. अशा समितीकडून चारच महिन्यांनी इंटरनेट बंदीवर ठोस अहवाल आला, याचे मला कौतुक वाटते. नोंदवहीखेरीज त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. आढावा समितीत निवृत्त न्यायाधीशांसारखे बाहेरचे सदस्य घ्यावेत, आणि बंदीने दंगल खरोखर आटोक्यात येते का, याचा अभ्यास करावा. हा दुसरा प्रश्न सरकारने स्वतःला तोवर विचारलेलाच नव्हता.

यानंतर समितीचे अध्यक्षपद बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव यांच्याकडे, म्हणजे सत्ताधारी बाजूकडे आले. तरीही २०२३च्या सुरुवातीला शिफारशींवरच्या कार्यवाहीचा आढावा घेताना समितीने, नोंद अजूनही ठेवली जात नाही म्हणून दूरसंचार विभागाला पुन्हा फटकारले. पक्ष बदलला तरी तक्रार तीच राहिली.

त्याच वर्षी तार कायदा इतिहासजमा करणारे दूरसंचार विधेयक आले. या शिफारशी थेट कायद्यात उतरवण्याची ती संधी होती. १८ डिसेंबरला ते लोकसभेत मांडले गेले आणि २१ डिसेंबरला राज्यसभेतही मंजूर झाले. विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक खासदार तेव्हा निलंबित होते. विधेयक स्थायी समितीकडे गेलेच नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये या कायद्याखाली नवे नियम आले. आदेश कारणांसह प्रसिद्ध करण्याची अट आता त्यांत आहे. ती वाट न्यायालयाने मोकळी केली होती. आढावा समितीत मात्र पूर्वीसारखेच सचिव बसतात.