प्रेषितांच्या शिकवणुकीचा अधिकार: करिंथपासून वसईपर्यंत

वसईच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, दुसरे वाचन पुष्कळदा येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रांतून होते. ग्रीसमधल्या करिंथ या व्यापारी शहरातल्या मंडळीला इसवी सन ५५च्या सुमारास, तिथल्या भांडणतंट्यांविषयी लिहिलेला मजकूर वाचून झाला की वाचक ते प्रभूचे वचन असल्याचे जाहीर करतो, आणि पुढच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या आजीसह सगळे देवाचे आभार मानतात. एका माणसाचे पत्र देवाचे वचन कसे ठरले, हे समजून घ्यायचे तर पहिल्या शतकात जावे लागते.

‘प्रेषित’ म्हणजे पाठवलेला. जो तुमचे ऐकतो तो माझे ऐकतो, असे येशूने आपल्या शिष्यांना सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आहे. म्हणजे अधिकार निरोप्याचा नसून पाठवणाऱ्याचा आहे. थेस्सलनीकाच्या लोकांनी आपले शब्द माणसांचे म्हणून नव्हे, तर देवाचे म्हणून स्वीकारले, याबद्दल पौल कृतज्ञता व्यक्त करतो. मात्र तोच पौल विवाहाविषयी लिहिताना एके ठिकाणी ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची आहे असे सांगतो, आणि थोडे पुढे, याविषयी प्रभूची आज्ञा नाही, मी माझे मत देतो, असेही स्पष्ट करतो. मला तरी त्याच्या या काटेकोरपणामुळेच त्याच्या शब्दावर अधिक भरवसा ठेवावासा वाटतो.

प्रेषित गेल्यानंतर त्यांची खरी शिकवण कोणती, हा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने जुना करार, म्हणजे बायबलचा येशूपूर्वीचा भाग, पूर्णपणे नाकारला, तेव्हा बिशप इरेनियसने मंडळ्यांमधून हातोहात चालत आलेल्या शिकवणुकीकडे बोट दाखवले; प्रेषित योहानाचा सहवास लाभलेल्या बिशप पॉलिकार्पचे बोल इरेनियसने स्वतः लहानपणी ऐकले होते. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आज मान्य असलेली यादी इसवी सन ३६७मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात आढळते.

कोकणात ही शिकवण एकाच वाटेने आली नाही. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो, आणि ते ठिकाण बहुधा आपले कल्याण असावे. १५३४मध्ये वसई कॅथलिक पोर्तुगीजांकडे गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे येशूची कथा सांगणारे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये प्रसिद्ध झाले. १८२३मध्ये प्रोटेस्टंट पंथाचे स्कॉटिश मिशनरी कोकण किनाऱ्यावरच्या बाणकोटला उतरले. कॅथलिकांनी शास्त्रासोबत, म्हणजे बायबलसोबत, परंपराही प्रमाण मानली आणि प्रोटेस्टंटांनी शास्त्र हाच अंतिम निकष मानला, तरी प्रेषितांचा अधिकार दोघांनाही मान्य आहे.

प्रेषितांचे कोणते सांगणे आजही पाळायचे, हा आजचा प्रश्न त्या आजीच्या पदराशी येतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात पौल स्त्रियांना प्रार्थनेच्या वेळी मस्तक झाकायला सांगतो, पण तो विषय संपवताना मंडळ्यांच्या रीतीचा दाखला देतो. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेत मस्तक झाकण्याचा नियम होता. १९८३च्या संहितेत तो नाही. आजी पदर घेते ती भक्तीने, आणि शेजारची नात मोकळ्या डोक्याने बसते. त्याच अध्यायात थोडे पुढे पौल शेवटच्या भोजनाविषयी लिहितो आणि तिथे रीतीचा नव्हे, तर प्रभूपासून जे मिळाले तेच सोपवल्याचा हवाला देतो. वेदीवर फादर भाकर हाती घेऊन त्याच भोजनातले येशूचे शब्द उच्चारतात, तेव्हा आजी आणि नात दोघी गुडघे टेकतात.